स्वस्त मेकॅनिकल कीबोर्डात पैसे नेमके कुठे वाचवलेले असतात?

गेमिंगसाठी म्हणून विकला जाणारा मेकॅनिकल कीबोर्ड आज भारतात साधारण दोन ते साडेतीन हजार रुपयांत मिळतो आणि नामांकित कंपन्यांचे त्याच जातीचे कीबोर्ड दहा-बारा हजारांच्या पुढे जातात. किमतीत एवढी तफावत असूनही दोन्हींच्या जाहिरातींत जवळपास तेच शब्द दिसतात: पाच कोटी दाबांचे आयुष्य, अँटी-घोस्टिंग, एक हजार हर्ट्झ, रंगीत दिवे. यांतले काही दावे स्वस्त कीबोर्डाच्या बाबतीतही पूर्ण खरे असतात, काही अर्धवट खरे असतात आणि काही खरे असूनही वापरणाऱ्याच्या दृष्टीने निरर्थक असतात. कोणता दावा कोणत्या गटात मोडतो हे कळण्यासाठी कळ दाबल्यावर आत काय घडते ते आधी पाहावे लागते. उदाहरणादाखल रेडड्रॅगन कंपनीचा के-५५२ ‘कुमारा’ हा ८७ कळांचा कीबोर्ड डोळ्यांसमोर ठेवू, कारण या किमतीच्या कीबोर्डांचे बहुतेक गुणदोष त्यात एकत्र आढळतात. कॉस्मिक बाइट, अँट ईस्पोर्ट्स यांसारख्या नावांनी विकल्या जाणाऱ्या याच किमतीच्या अनेक कीबोर्डांना पुढचे बरेचसे विवेचन लागू पडते.

साध्या, म्हणजे मेम्ब्रेन कीबोर्डात कळांच्या खाली रबराचे घुमट असतात आणि त्यांच्या खाली प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यांचे तीन थर असतात. कळ दाबली की घुमट चेपतो, वरच्या थरावरची विद्युतरेषा खालच्या थरावरच्या रेषेला टेकते आणि अक्षर उमटते. याचा अर्थ अक्षर उमटण्यासाठी कळ जवळजवळ तळाला टेकवावीच लागते. रबर कालांतराने कडक किंवा ढिले पडते, त्यामुळे तीन-चार वर्षे वापरलेल्या मेम्ब्रेन कीबोर्डाच्या निरनिराळ्या कळा हाताला निरनिराळ्या लागतात.

मेकॅनिकल कीबोर्डात प्रत्येक कळीखाली एक स्वतंत्र स्विच असतो. त्यात एक प्लॅस्टिकचा दांडा, एक स्प्रिंग आणि धातूच्या दोन पातळ पट्ट्या असतात. दांडा खाली सरकला की त्याच्या बाजूने अडवून धरलेली पट्टी सुटते आणि दुसऱ्या पट्टीला टेकते. नेहमीच्या स्विचमध्ये कळीचा एकूण प्रवास सुमारे ४ मिलिमीटरचा असतो आणि अक्षर मात्र २ मिलिमीटरच्या आसपासच उमटते, म्हणजे तळ गाठण्याची गरज उरत नाही. बोटांना जो फरक जाणवतो त्याचे मूळ यात आहे, आणि तो फरक अडीच हजारांच्या कीबोर्डातही तितकाच जाणवतो.

हे शक्य झाले याचे कारण पेटंटच्या इतिहासात सापडते. आज सर्वत्र दिसणारी स्विचची ही रचना चेरी या कंपनीने १९८० च्या दशकात ‘एमएक्स’ या नावाने बाजारात आणली आणि अनेक वर्षे चांगल्या मेकॅनिकल कीबोर्डाचा अर्थ चेरीचे स्विच असलेला कीबोर्ड असाच होता. २०१४ च्या सुमारास तिच्या पेटंटची मुदत संपली आणि केल, गेटरॉन, आउटेमू, टीटीसी या चिनी उत्पादकांनी तीच रचना मोकळेपणाने आणि पुष्कळ कमी खर्चात बनवायला सुरुवात केली. के-५५२ मध्ये आउटेमूचे स्विच असतात. त्यांची घडण चेरीइतकी एकसारखी नसते. शेजारच्या दोन कळांच्या दाबात किंवा आवाजात थोडा फरक सापडू शकतो आणि दांडा सरकताना बारीक खरखर जाणवते. तरीही तत्त्व तेच, प्रवास तेवढाच आणि आकारमानही तेच. स्वस्त कीबोर्डाचे हे पहिले आणि माझ्या मते सर्वांत मोठे बलस्थान आहे: ज्या भागासाठी मेकॅनिकल कीबोर्ड घ्यायचा, त्या भागात काटकसर सर्वांत कमी झालेली असते.

पाच कोटी दाबांचा दावा मात्र थोडा तपासून घ्यावा. एखादी कळ रोज पाच हजार वेळा दाबली, तरी पाच कोटींचा आकडा गाठायला दहा हजार दिवस, म्हणजे सत्तावीस वर्षे लागतील. कंपनीने आकडा दुप्पट फुगवला आहे असे धरले तरी तेरा-चौदा वर्षे हाती उरतात आणि तेवढ्या काळात कीबोर्डाचा दुसराच कोणता तरी भाग निकामी झालेला असेल. कमी किमतीच्या स्विचचे दुखणे सहसा झिजेचे नसते. धूळ, दमट हवा किंवा पट्टीच्या घडणीतला दोष यांमुळे एकदा दाबलेली कळ दोनदा उमटू लागते, याला ‘चॅटर’ म्हणतात, आणि तो प्रकार पहिल्या वर्षातही सुरू होऊ शकतो. त्यामुळे आयुष्याच्या आकड्यापेक्षा एक स्विच बिघडल्यास तो बदलता येईल का, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा ठरतो.

स्विचच्या रंगांविषयी बराच गोंधळ आढळतो. लाल स्विच सरळ खाली जातो, वाटेत कुठेही अडखळत नाही आणि त्याला साधारण ४५ ते ५० ग्रॅम दाब लागतो. तपकिरी स्विचच्या दांड्याला छोटा उंचवटा असतो, त्यामुळे अक्षर उमटण्याच्या जागी बोटाला हलका अडथळा जाणवतो. निळ्या स्विचचा दांडा दोन भागांचा असतो आणि त्यातला सुटा भाग झटक्याने खाली आपटल्यामुळे ‘टक्’ असा स्पष्ट आवाज येतो. के-५५२ सारख्या कीबोर्डांच्या विक्रीत निळा स्विच फार पुढे केला जातो, कारण दुकानात दोन मिनिटे दाबून पाहणाऱ्याला तोच सर्वांत ‘मेकॅनिकल’ वाटतो. खेळासाठी मात्र तो तिन्हींत कमी सोयीचा आहे. निळ्या स्विचमध्ये कळ ज्या उंचीवर उमटते त्यापेक्षा बरीच वर आल्याशिवाय ती पुन्हा उमटायला तयार होत नाही, त्यामुळे एकच कळ वेगाने लागोपाठ दाबताना मधले दाब निसटतात. शिवाय घरात सगळे एकाच खोलीत झोपत असतील, तर रात्री अकरानंतर हा आवाज घरात शांतता राहू देत नाही आणि ऑनलाइन बैठकीत तो समोरच्या प्रत्येकाला ऐकू जातो. ज्याला लेखन भरपूर करायचे आहे आणि स्वतंत्र खोली आहे, त्याला निळा स्विच खरोखर आनंद देतो. इतरांनी लाल किंवा तपकिरी घ्यावा.

आता ‘गेमिंग’ या शब्दाकडे वळू. कीबोर्डात ८७ कळांसाठी ८७ स्वतंत्र तारा ओढलेल्या नसतात. कळा आडव्या-उभ्या रेषांच्या जाळीवर बसवलेल्या असतात आणि आतली चिप एकेक रेष आळीपाळीने तपासत जाते. या जाळीत आयताचे तीन कोपरे होतील अशा तीन कळा एकदम दाबल्या, तर वीज वळसा घालून चौथ्या कोपऱ्यापर्यंत पोहोचते आणि न दाबलेली चौथी कळही दाबल्यासारखी दिसते. घोस्टिंग म्हणतात ते हेच. प्रत्यक्षात साधे कीबोर्ड ही चूक टाळण्यासाठी तिसरी कळ सरळ दुर्लक्षित करतात, म्हणजे खेळाडू पळत, वाकत असताना त्याचा तिसरा हुकूम गायब होतो. त्यावरचा पक्का उपाय म्हणजे प्रत्येक स्विचसोबत एक डायोड बसवणे, म्हणजे वीज उलट दिशेने वळसा घेऊ शकत नाही. मेकॅनिकल कीबोर्डात प्रत्येक स्विच सर्किट बोर्डावर स्वतंत्रपणे बसलेला असल्यामुळे डायोड लावणे सोपे जाते आणि स्वस्त मॉडेलांतही ते बहुधा लावलेले असतात. म्हणूनच ‘सर्व कळा एकाच वेळी’ हा दावा येथे सहसा खरा निघतो. ‘२५ कळांचे अँटी-घोस्टिंग’ अशी भाषा मात्र बहुतेकदा मेम्ब्रेन कीबोर्डाच्या खोक्यावर असते आणि त्यात खेळात लागणाऱ्या ठरावीक कळांपुरतीच सोय केलेली असते. यूएसबी कीबोर्डांच्या सर्वांत साध्या संदेशपद्धतीत शिफ्ट-कंट्रोलसारख्या कळा सोडून सहा कळांची जागा असते आणि दोन्ही हातांच्या खऱ्या वापरात सहापेक्षा जास्त कळा एकदम दाबण्याची वेळ क्वचितच येते, हेही ध्यानात ठेवावे.

वेगाच्या दाव्यांमागचे गणित असे आहे. साधा कीबोर्ड संगणकाला सेकंदातून १२५ वेळा माहिती देतो, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी एकदा, तर १००० हर्ट्झचा कीबोर्ड दर मिलिसेकंदाला देतो. या दराला ‘पोलिंग’ म्हणतात. त्यात आणखी एक विलंब मिसळतो आणि त्याविषयी खोक्यावर काहीच लिहिलेले नसते. धातूच्या पट्ट्या एकमेकींना टेकताना, जमिनीवर टाकलेला चेंडू थांबण्याआधी दोन-चार वेळा उसळतो तशा, काही मिलिसेकंद उसळत राहतात. ही उसळी म्हणजे नवे दाब असा समज होऊ नये म्हणून चिप थोडा वेळ थांबते, याला ‘डिबाउन्स’ म्हणतात. स्विच एकसारखे नसतील तर उत्पादक ही थांबण्याची वेळ सुरक्षितपणे वाढवून ठेवतो आणि मग पोलिंगचा आकडा १००० असूनही प्रत्यक्ष विलंब १५-२० मिलिसेकंदांवर जाऊ शकतो. महागड्या कीबोर्डाचा इथला फायदा खरा आहे, पण त्याचे मोल योग्य प्रमाणात जोखले पाहिजे. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक चित्र जाऊन दुसरे यायलाच सुमारे १६.७ मिलिसेकंद लागतात, डोळ्यांनी पाहून बोट हलवायला माणसाला दोनशेच्या आसपास मिलिसेकंद लागतात आणि मुंबईतल्या सर्व्हरशी जोडलेल्या घरगुती इंटरनेटचा पिंग, म्हणजे संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ, त्याहून वेगळाच चढउतार दाखवत असतो. ज्याच्याकडे ६० हर्ट्झचा पडदा आहे त्याने कीबोर्डावर दहा हजार खर्च करण्यापेक्षा १४४ हर्ट्झचा पडदा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक गंभीरपणे खेळणाऱ्यांसाठी मात्र एका बाबतीत स्वस्त मेकॅनिकल कीबोर्ड आता मागे पडला आहे. या खेळांत डावीकडे धावता धावता एकदम थांबून नेम धरावा लागतो आणि कळ सोडल्यावर ती किती लवकर ‘सुटली’ असे धरले जाते यावर ते अवलंबून असते. नेहमीच्या स्विचमध्ये हा बिंदू घडणीतच पक्का झालेला असतो. चुंबक आणि त्याचे अंतर ओळखणारा हॉल सेन्सर वापरणारे कीबोर्ड कळीची खोली सतत मोजत असल्याने ती वर येऊ लागताच सुटली असे मानू शकतात. नेदरलँड्समधल्या वूटिंग कंपनीने ‘रॅपिड ट्रिगर’ या नावाने हे तंत्र लोकप्रिय केले. पुढे दोन विरुद्ध दिशांच्या कळांपैकी शेवटची दाबलेली आपोआप निवडणाऱ्या सोयीही आल्या, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये काउंटर-स्ट्राइक बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने काउंटर-स्ट्राइक २ च्या अधिकृत सर्व्हरवर अशा आपोआप चालणाऱ्या सोयींना मनाई केली. रॅपिड ट्रिगर त्या मनाईत बसत नाही. असे चुंबकीय कीबोर्डही आता स्वस्त होत चालले आहेत, त्यामुळे स्पर्धात्मक खेळ हाच एकमेव हेतू असेल, तर थोडे थांबून आणि थोडे जास्त पैसे घालून तिकडे वळणे शहाणपणाचे ठरेल.

स्विचमध्ये फारशी काटकसर नाही आणि विजेच्या रचनेतही नाही, तर मग पैसे वाचतात कुठे? सर्वांत आधी कळांच्या टोप्यांत, म्हणजे कीकॅपमध्ये. स्वस्त कीकॅप एबीएस प्लॅस्टिकच्या आणि पातळ असतात. बोटांच्या घामाने आणि घर्षणाने काही महिन्यांत त्या चकाकू लागतात, विशेषतः खेळात सतत लागणाऱ्या चार कळा आणि स्पेसबार. पीबीटी प्लॅस्टिकच्या टोप्या सहसा जास्त जाड, खरबरीत आणि टिकाऊ असतात, पण महाग पडतात. अक्षरे कशी उमटवली आहेत तेही पाहावे. नुसती छापलेली अक्षरे पुसली जातात, तर ‘डबल-शॉट’ पद्धतीत अक्षर हे दुसऱ्या रंगाच्या प्लॅस्टिकचेच असल्यामुळे ते पुसले जाणे शक्यच नसते. के-५५२ च्या कीकॅप डबल-शॉट म्हणून विकल्या जातात, हे या किमतीला चांगलेच आहे, जरी त्यांच्यावरच्या कोनदार अक्षरांचे वळण पाहताना डिझाइनरला वाचनापेक्षा अंतराळयानांची जास्त आवड असावी असे वाटत राहते.

दुसरी काटकसर स्टॅबिलायझरमध्ये असते आणि ती कानाला लगेच कळते. स्पेसबार, एंटर, शिफ्ट, बॅकस्पेस या लांब कळा एका टोकाला दाबल्या तरी सरळ खाली जाव्यात म्हणून त्यांच्याखाली तारेची एक चौकट असते. स्वस्त कीबोर्डात ही तार कोरडी आणि किंचित सैल बसवलेली असते, त्यामुळे प्रत्येक शब्दानंतर स्पेसबार खडखडतो. मराठी टंकलेखन करणाऱ्यांना याचा त्रास इतरांपेक्षा जास्त होतो. देवनागरी टंकनाच्या प्रमाण ‘इनस्क्रिप्ट’ मांडणीत ख, घ, छ, झ यांसारखी सर्व महाप्राण अक्षरे, अ-आ-इ-ई हे स्वतंत्र स्वर आणि शिवाय ळ, ण, श ही अक्षरेही शिफ्ट दाबूनच मिळतात, म्हणजे इंग्रजीत वाक्याच्या सुरुवातीला एकदा लागणारी शिफ्ट मराठीत एकेका ओळीत अनेकदा लागते. शिफ्टची कळ तिरकी दबत असेल किंवा परत येताना अडकत असेल, तर ‘बाळ’चा ‘बाल’ व्हायला वेळ लागत नाही. उपाय घरीच होतो: कीकॅप काढून तारेच्या टोकांना थोडे डायलेक्ट्रिक किंवा सिलिकॉन ग्रीस लावले की खडखड बरीच कमी होते. खाद्यतेल लावण्याचा मोह टाळावा, ते चिकट होऊन धूळ धरते. देवनागरी अक्षरे कीकॅपवर नसणे ही अडचण मात्र स्वस्त-महाग असा भेद करत नाही. मांडणी संगणकाच्या प्रणालीत ठरते, त्यामुळे इनस्क्रिप्ट कोणत्याही कीबोर्डावर चालते, फक्त कळांच्या जागा पाठ हव्यात किंवा चिकटपट्ट्या लावाव्यात. रुपयाचे चिन्हही या कीबोर्डांवर बहुधा छापलेले नसते, पण विंडोजमध्ये इंग्रजीची भारतीय मांडणी निवडल्यास उजवी ऑल्ट आणि ४ दाबून ते येते.

दिवे, केबल आणि सॉफ्टवेअर यांविषयी थोडक्यात. के-५५२ चा ‘रेनबो’ प्रकार आणि ‘आरजीबी’ प्रकार यांत फरक आहे: पहिल्यात प्रत्येक ओळीचा रंग कायमचा ठरलेला असतो, दुसऱ्यात तो बदलता येतो. रंग निवडायची हौस असेल तर घेण्यापूर्वी हे वाचून घ्यावे. या किमतीत केबल बहुतेक वेळा कायमची जोडलेली असते, म्हणजे ती मुळाशी तुटली तर कीबोर्ड उघडावा लागतो. सॉफ्टवेअर असलेच तर ते साधे, कधी कधी ओबडधोबड असते आणि ते केवळ कंपनीच्या अधिकृत पानावरूनच घ्यावे.

स्विच बदलता येण्याच्या मुद्द्याकडे परत येणे भाग आहे, कारण जाहिरातीतला ‘हॉट-स्वॅप’ हा शब्द येथे बराच फसवा ठरतो. खऱ्या हॉट-स्वॅप कीबोर्डात सॉकेट असतात आणि कोणत्याही उत्पादकाचे एमएक्स धर्तीचे स्विच चिमट्याने काढून बसवता येतात. अनेक स्वस्त कीबोर्डांतले सॉकेट मात्र आउटेमूच्या बारीक पायांपुरतेच अरुंद असतात, त्यांत इतरांचे जाडसर पाय शिरत नाहीत आणि जोर केला तर सॉकेट उखडते. काही स्विचना तीन पाय असतात, काहींना प्लॅस्टिकचे दोन धरून पाच. तीन पायांच्या बोर्डात पाचवाला बसवायचा तर ते दोन प्लॅस्टिकचे पाय कापावे लागतात. स्विच थेट बोर्डावर डाखलेले असतील, तरीही बिघडलेला एखादा बदलणे अशक्य नसते. दोन सांधे वितळवून जुना काढायचा आणि नवा लावायचा एवढेच काम असते, आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीच्या परिसरात असे काम करणारे कारागीर सापडतात. मेम्ब्रेन कीबोर्डाची एक कळ गेली की सगळा कीबोर्ड जातो. दुरुस्तीची ही शक्यताच स्वस्त मेकॅनिकल कीबोर्डाची किंमत काही वर्षांच्या हिशेबात वसूल करून देते.

८७ कळांच्या मांडणीत उजवीकडचा अंकांचा पट्टा नसतो. त्यामुळे कीबोर्डाची रुंदी सुमारे ४४ सेंटिमीटरवरून ३५ च्या आसपास येते, माउस फिरवायला जागा मिळते आणि खांदा आखडत नाही. परंतु घरातला हाच संगणक दिवसा टॅलीत नोंदी करण्यासाठी वापरला जात असेल, तर अंकपट्ट्याशिवाय काम करणारा माणूस आठवडाभरात वैतागेल. अशा घरात १०४ कळांचा कीबोर्ड घ्यावा किंवा अंकपट्टा वेगळा विकत घ्यावा.

याच किमतीच्या आसपास, आणि बऱ्याचदा हजार रुपयांच्या आत, ‘मेकॅनिकल फील’ असे लिहिलेले कीबोर्डही मिळतात. ते मेकॅनिकल नसतात, रंगीत दिव्यांचे मेम्ब्रेन कीबोर्ड असतात. ओळखण्याची खूण सोपी आहे: स्विचचा रंग किंवा उत्पादक वर्णनात कुठेही नसेल, तर आत रबर आहे असे समजावे.

कीबोर्ड घरी आला की परत करण्याची मुदत संपायच्या आत तो नीट तपासावा. कळांची चाचणी घेणारे पान ब्राउझरमध्ये उघडून प्रत्येक कळ निदान वीस वेळा संथपणे आणि वीस वेळा भरभर दाबावी आणि कुठे दुहेरी नोंद होते का ते पाहावे. स्पेसबार आणि दोन्ही शिफ्ट मधोमध न दाबता टोकांवर दाबून त्या परत येताना अडकत नाहीत याची खात्री करावी. सपाट टेबलावर ठेवून चारही कोपरे आळीपाळीने दाबावेत, कीबोर्ड डुगडुगत असेल तर बहुधा आतला पत्रा वाकलेला असतो आणि ते घरी दुरुस्त होत नाही. दोन-चार कीकॅप उपसून पाहाव्यात, त्यांचे दांडे चिरलेले नसावेत. यांतला कोणताही दोष दिसल्यास ग्रीस किंवा सॉकेटच्या भानगडीत न पडता कीबोर्ड सरळ बदलून घ्यावा, कारण कीबोर्ड उघडल्याच्या खुणा दिसल्या की विक्रेता वॉरंटी नाकारू शकतो.